काचघराची चावी

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवासमोर उभी राहते तेव्हाही नाही — तिथं तर मी लगेच दुसऱ्यांसाठी काहीतरी मागायला लागते, म्हणजे माझा विषयच निघत नाही. आज तुम्हाला सांगते. का, ते विचारू नका. सांगायला बसले आहे आणि अजून सुरुवात कुठून करू ते कळत नाहीये, म्हणजे बघा.

झाडापासून करते. झाडाबद्दल बोलणं मला सोपं जातं.

माझ्या जळगावच्या घरात, पुढच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीशी एक क्रोटन आहे. माझ्या डोक्याच्याही वर गेलंय. पानाची मधली शीर लाल, कडा पिवळ्या, पान जुनं होत जाईल तसं सगळं लालजांभळं. घरात येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. घरात क्रोटन एवढं वाढवणं सोपं नाही हो. त्याला उजेड हवा, नाहीतर रंग सोडून नुसतं हिरवं होऊन बसतं. पण आमच्याकडचं ऊन नको, पानं करपतात. हवेत ओल हवी — आणि खानदेशात वैशाखात ओल कुठून आणायची? मी दिवसातून तीनदा पाणी शिंपडते, ओल्या फडक्यानं एकेक पान पुसते. जागा हलवली तर रुसतं, निम्मी पानं गाळून टाकतं. लोक म्हणतात, बाई, तुमच्या हाताला गुण आहे. मी हसते. एवढी वर्षं हसतेच आहे.

गुण माझ्या हाताचा नाही. नानांच्या हाताचा.

नाना म्हणजे धुळ्याच्या आमच्या कॉलेजचे माळी. साक्रीकडचे, पिंपळनेरजवळच्या एका खेड्यातले. साठच्या दशकात मी तिथे वनस्पतिशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले तेव्हा मी बावीस वर्षांची आणि ते पन्नाशी ओलांडलेले. फैजपूरच्या केळीवाल्या घरातली मुलगी, बी.एस्सी. झालेली, परगावी एकटी खोली घेऊन राहतेय — लोक वळून बघायचे. विभागात मी एकटी बाई. आमच्या विभागप्रमुख सरांनी मला घेतानाच ऐकवलं होतं की बाईमाणसाला हे झेपतं का ते वर्षभर बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू. हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, पण सबब म्हणून नाही. सबब म्हणून मी ते स्वतःला पुष्कळ वर्षं सांगून बघितलं. लागू पडत नाही.

कॉलेजच्या मागे एक काचघर होतं. गावातल्या एका मारवाडी शेटजींनी आईच्या नावानं बांधून दिलेलं. कलकत्त्याला गेले असताना कुठल्याशा बागेत त्यांनी तसं घर बघितलं आणि मनात घेतलं. लोखंडी सांगाडा, चारी बाजूंनी काचा, वरही काचा, छपराला उघडमीट करायच्या दोन झडपा. धुळ्यात — जिथे मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर चटका बसतो — काचेचं घर! नानांनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणे सरांना अगदी साळसूदपणे विचारलं, साहेब, यात झाडं ठेवायची आहेत का भाकरी भाजायच्या आहेत?

पण ते घर चालवलं त्यांनीच. होळी झाली की काचांना बाहेरून चुन्याचा हात द्यायचे, म्हणजे ऊन मवाळ होऊन आत येतं. आतून ओली पोती टांगायचे. आणि वरच्या झडपा — ही गोष्ट नीट ऐका — वरच्या झडपा उन्हाळाभर उघड्या. तापलेली हवा वरून निघून गेली पाहिजे. आत क्रोटनच्या चाळीस कुंड्या होत्या आणि चाळीसही नानांच्या हातच्या. कुठून कुठून आलेल्या तीन झाडांपासून त्यांनी गुट्या बांधून ती केली होती. म्हणजे फांदीची साल बोटभर गोल काढायची, तिथे ओलं शेवाळ आणि माती बांधून वर तरटाची पट्टी गुंडाळायची, मुळं फुटेपर्यंत दीड-दोन महिने ती ओली ठेवायची, मग खालून कापून कुंडीत लावायची. एक दिवस विसरलं की गुटी वाळली. नाना विसरत नसत. कुठली गुटी कुठल्या दिवशी बांधली ते त्यांना तोंडपाठ असे. ठिपक्यांच्या झाडाला ते शिंपड्या म्हणायचे, पीळ पडलेल्या पानांचं ते जिलबी, आणि लाल शिरेचं ते नवरी. मला लॅटिन नावं येत होती, त्यांना झाडं येत होती.

त्या घराची चावी नानांच्या कमरेच्या करदोड्याला बांधलेली असायची. सरांनी मागितली तरी ते चावी देत नसत, स्वतः येऊन कुलूप उघडून देत.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांची मुलगी वत्सला लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येणार होती. आमच्याकडे आखाजी दिवाळीपेक्षा मोठी, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, घरोघर सांजोऱ्या होतात. नानांनी तीन दिवसांची सुट्टी मागितली. सर कुरकुरले, काचघर कोण बघणार म्हणाले. मीच पुढे झाले. मी बघते म्हटलं. पुढे पुढे करायची हौस होती ना.

जायच्या आदल्या संध्याकाळी नानांनी करदोड्याची गाठ सोडून चावी माझ्या हातावर ठेवली. आणि जायच्या दिवशी सकाळी, बसच्या आधी, पुन्हा आलेच. राहवलं नसणार. मी त्यांना चावी दिली, त्यांनी कुलूप उघडलं, चाळीसही कुंड्यांना पाणी घातलं, पोती भिजवली, कुलूप लावलं, चावी परत माझ्याकडे दिली. जाताना एवढंच म्हणाले, "ताई, वरल्या झडपा उघड्या ऱ्हाऊ द्या. बाकी मग देव शे." हे लक्षात ठेवा — त्या सकाळी चावी थोडा वेळ त्यांच्या हातात होती. एवढं खरं आहे. खोटं बोलायला एवढं खरं पुरतं.

आता चूक सांगते. गुन्हा अजून पुढे आहे.

साडेनऊच्या सुमाराला मी काचघरात डोकावले. गरम वारा सुटला होता, धूळ आत येत होती, झडपा थाडथाड आपटत होत्या. मी त्या ओढून घेतल्या, घट्ट बांधल्या, दार लावलं, कुलूप घातलं. का? कारण आमच्या फैजपूरच्या घरी तेच करतात. उन्हाळ्यात दहाच्या आत सगळी दारं-खिडक्या लावून घ्यायच्या, दिवसभर अंधार करून बसायचं, झळ आत येऊ द्यायची नाही, संध्याकाळी उघडायचं. लहानपणापासून आई माझ्याकडून हे काम करून घ्यायची. हात आपोआप गेले. मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या घराची रीत मी काचेच्या घराला लावली. मी! वर्गात मीच फळ्यावर काढून दाखवत होते की काचेतून ऊन आत येतं आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. विद्यार्थ्यांना त्यावर मार्कही देत होते.

तासाभरात माझा भाऊ दारात उभा. केळी पोचवून मुंबईहून रिकामा ट्रक घेऊन चालला होता. म्हणाला, आखाजीला इथे एकटी काय बसतेस, चल, परवा परत आणून सोडतो. मी दहा मिनिटांत पिशवी भरली. पाणी घातलेलंच आहे, पोती भिजलेली आहेत, एक-दोन दिवसांनी काय होतंय — असं म्हणाले मी मनात. चावी शिपायाकडे देऊन जावं हे सुचलं नाही, असं मात्र नाही. सुचलं होतं. शिपाई सरांना सांगेल, म्हणून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी, ऐन आखाजीला, फैजपूरच्या घरी दहा वाजले आणि आईनं खिडकी लावली. खोलीत अंधार झाला. गार वाटलं. आणि मला काचघर आठवलं. तिथे काच आहे.

हे तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. मला मागाहून कळलं, असं झालेलं नाही. मला तेव्हाच कळलं. अकराला जळगावची बस होती, जळगावहून धुळ्याची मिळाली असती, दिवस मावळायच्या आत पोचले असते. चाळीसातली दहा तरी वाचली असती. मी उठले नाही. एवढ्या सणाच्या दिवशी निघालीस कुठे असं आई विचारणार, मग काय केलं ते सांगावं लागणार. मी आमरस-पोळी खाल्ली. दुपार कलल्यावर वहिनीबरोबर झोक्यावर बसले. झोका उंच गेला की तेवढ्यापुरतं बरं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता भावानं मला कॉलेजपाशी सोडलं. काचघराचं दार सताड उघडं होतं आणि कुलूप तुटून खाली पडलेलं. शेटजी सकाळी पाहुण्यांना घेऊन काचघर दाखवायला आले होते. चावी मिळेना, म्हणून सरांनी कुलूप तोडायला लावलं होतं. आतून उकडलेल्या पाल्याचा वास येत होता. शिंपड्या, जिलबी, नवरी — काही ओळखू येत नव्हतं, सगळी तपकिरी पानं माना टाकून लोंबत होती. शेटजी निघून गेले होते. सर होते, शिपाई होता. आणि नाना होते. बसवरून तसेच आले होते, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं. ते झाडांकडे बघत नव्हते. वर, बांधलेल्या झडपांकडे बघत होते.

सरांनी विचारलं, "चावी कुणाकडे होती?"

इथे मी जरा थांबते. एवढी वर्षं मी इथेच थांबत आले आहे.

"नानांकडे," मी म्हणाले. "मलाही गावी जायचं होतं, म्हणून त्या सकाळीच मी त्यांच्याकडे दिली, जाताना शिपायाकडे द्या म्हणून."

चावी त्या वेळी माझ्या पर्समध्ये होती. पर्स खांद्याला होती.

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते की ते म्हणतील, नाही ताई, तुम्हीच ठेवली. म्हणाले असते तर मी काय केलं असतं? माहीत नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून काहीबाही सांगणार नाही. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. करदोडा चाचपला. बंडीचे खिसे उलटे केले. टोपी काढून तिच्या घडीत बघितलं. मग सरांना म्हणाले, "ताईस्नी दिन्ही व्हई. ताई खोटं काबर बोलतीन? मनाच ध्यानमा नही ऱ्हायनं."

ताई खोटं कशाला बोलेल. माझी बाजू त्यांनीच घेतली. आणि सर गेल्यावर गाठोडं उचलून माझ्या हातात दिलं. वत्सलानं माझ्यासाठी सांजोऱ्या पाठवल्या होत्या. मी त्या घेतल्या. घरी नेऊन खाल्ल्या.

नानांनी दुपारी एका ठोंबाची साल नखानं खरवडून सरांना दाखवली. आत हिरवं होतं. मुळं जिवंत आहेत साहेब, वीतभर ठेवून वरचं कापू, सावलीत ठेवू, महिनाभर थांबा, असं विनवत होते. सरांनी माझ्याकडे बघितलं, कारण झाडांची प्रात्यक्षिकं माझ्याकडे होती. क्रोटन बुडातून पुन्हा फुटतं हे मला पुस्तकातून माहीत होतं. थांबू या एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले नाही. ती काटकं रोज डोळ्यांसमोर नको होती मला. त्याच संध्याकाळी चाळीस कुंड्या मागच्या उकिरड्यावर रिकाम्या झाल्या.

ज्याच्या ध्यानात राहत नाही त्याच्या हाती बाग कशी द्यायची, असं सर म्हणाले आणि नानांना पिण्याच्या पाण्याचे माठ भरायच्या कामावर टाकलं. जूनमध्ये मला कायम केलं. सरांनी बाकीच्यांसमोर सांगितलं की या बाईंचं काम चोख असतं.

मला वाटलं होतं, माणूस रागावेल, चार दिवस बोलणार नाही, मग निवळेल. मला शिक्षा होईल अशी भीती होती, पण जे झालं ते डोक्यातही आलं नव्हतं. नानांनी माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवरचा काढून घेतला. झडपाही आपल्याच हातून बांधल्या गेल्या असतील, असं धरून चालले. माठ भरून गेलेला माणूस अर्ध्या वाटेतून परत यायचा आणि झाकण उचलून बघायचा. दाराची कडी लावली की नाही ते दोनदा बघायचे. रस्त्यात उभे राहून बोटं मोजायचे. आणि विचारायचे कुणाला? मला. ताई, आज मी वरच्या वर्गात पाणी ठेवलं ना? ताई, काल मी आलो होतो ना? मी म्हणायचे, हो नाना, ठेवलंत. त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. चाळीस गुट्यांचे दिवस तोंडपाठ असलेला माणूस!

आषाढात एकदा डालडाचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आले. उकिरड्यावरच्या एका ठोंबाला कोंब फुटला होता, तो त्यांनी उचलून डब्यात लावला होता. दोन पानं, मधे लाल शीर. "नवरी वाचनी, ताई," म्हणाले. घरात मऊ उजेडाला ठेवा, पाणी शिंपडत जा, मी ठेवून घेतली असती पण माझ्या डोक्याचा भरवसा नाही, एखाद्या दिवशी विसरेन आणि मरेल, असं सांगून डबा माझ्या हातात दिला. तेच हे झाड. तुम्ही ज्याच्यावरून माझं कौतुक करता ते.

दिवाळीनंतर वत्सला येऊन त्यांना गावी घेऊन गेली; तिचं सासर तिथून हाकेवरच होतं. बाबा विसरायला लागलेत, एकटे नको ठेवायला, असं मलाच सांगत होती ती. मी मान हलवली.

मग मध्ये सहा-सात वर्षं गेली. माझं लग्न झालं, जळगावला बदलून यायचं ठरलं. त्याआधी एक दिवस मी पर्समध्ये ती चावी घालून पिंपळनेरची बस धरली. सांगायलाच गेले होते. वाटेत वाक्यंसुद्धा जुळवली होती.

नाना ओट्यावर बसले होते. डोळे गेल्यात जमा, पण मी "नाना" म्हटल्याबरोबर ओळखलं. नवरी कशी शे, पहिला प्रश्न हा. मग काचघर निघालं. आणि ते सांगायला लागले — दारातून शिरलं की डाव्या हाताला पहिला शिंपड्या, त्याची गुटी श्रावणात पोळ्याच्या आदल्या दिवशी बांधलेली. दुसरा त्याचाच भाऊ, एक फांदी वाकडी. तिसरी जिलबी, तिची कुंडी कडेला फुटकी. असं एकेक करत चाळीसही. एक कुंडी इकडची तिकडे झाली नाही. मी मनात ताळा करत होते. या माणसाच्या डोक्याला काहीही झालेलं नव्हतं. कधीच झालं नव्हतं.

चाळीस झाल्यावर ते थांबले. हळूच म्हणाले, "बठ्ठं याद शे, ताई. फक्त ती चावी तुम्ही कव्हय दिन्ही, तेवढंच याद येत नही."

माझा हात पर्समध्ये होता. चावी मुठीत होती. सांगितलं असतं तर त्यांचं डोकं त्यांना परत मिळालं असतं. आणि माझं काय गेलं असतं? नोकरी पक्की झालेली होती. सर निवृत्त होऊन गावी गेले होते. काहीही गेलं नसतं. फक्त त्या अधू डोळ्यांनी नानांनी माझ्याकडे बघितलं असतं, तेवढंच. तेवढं मला झेपलं नाही.

वत्सलानं चहा आणला. मी चहा प्यायले. वय झालं की होतं असं नाना, असं म्हणाले — हो, हेही म्हणाले मी. आणि साडेतीनच्या बसनं परत आले.

दोन वर्षांनी वत्सलाचं कार्ड आलं. नाना गेले होते. खाली बारीक अक्षरात तिनं लिहिलं होतं की बाबा दर आखाजीला, घर सारवायच्या आधी, कोनाडे, डबे, धान्याची कणगी सगळं उपसून ती चावी शोधायचे, आम्ही कंटाळून जायचो. शेवटी मला सांगून गेले आहेत की कधी सापडली तर ताईंना नेऊन दे, त्यांचा खोळंबा होत असेल.

चावी माझ्या कपाटात आहे, वरच्या खणात. पितळेची आहे, गंजलेली नाही.